काळ्या पाषाणाखालचा ग्रॅनाइट आणि खानदेश

जळगाव-धुळ्याकडे घर बांधायला काढलं की स्वयंपाकाच्या ओट्यावरून घरात एकदा तरी चर्चा होतेच. कडप्प्यावर लिंबू सांडलं की डाग राहतो, म्हणून ग्रॅनाइटच बसवायचा असं बहुतेकांचं ठरतं. दुकानात गेलं की नावं कानावर पडतात: जालोर, करीमनगर, इलकल, चीमकुर्ती. राजस्थान, तेलंगणा, कर्नाटक, आंध्र. त्यात खानदेशातलं एकही गाव नाही. आपल्याकडे विहीर खणा की बोअर मारा, वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात तापीचा खोल गाळ. ग्रॅनाइट काही लागत नाही.

म्हणून तो परमुलखातला दगड, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ग्रॅनाइट आणि त्याच्या कुळातले खडक आपल्या पायाखालीच आहेत, फक्त फार खोल. त्यांचे तुकडे खानदेशाच्या परिसरात जमिनीवर सापडलेही आहेत. हा दगड तिथे आला कसा आणि पृथ्वीच्या कोणत्या उलथापालथीत जन्मला, यावर भूशास्त्रज्ञ दोनशेहून अधिक वर्षं वाद घालत आहेत. वादाचा बराच भाग आता मिटला आहे. जो उरला आहे, तो खंड कसे तयार झाले याच प्रश्नाला भिडतो.

ग्रॅनाइट म्हणजे नक्की कोणता दगड?

दुकानदार ज्याला ग्रॅनाइट म्हणतो आणि भूशास्त्रज्ञ ज्याला म्हणतो, ते दर वेळी एकच नसतं. चीमकुर्तीचा चमचमता 'ब्लॅक गॅलेक्सी' हा शास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नाहीच. तो गॅब्रो कुळातला खडक आहे, म्हणजे रासायनिकदृष्ट्या आपल्या काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा, भाऊबंद.

खरा ग्रॅनाइट ओळखायचा तर कण बघावेत. काचेसारखी करडी गारगोटी, गुलाबी किंवा पांढरट फेल्डस्पार आणि मध्ये मध्ये अभ्रकासारखी काळी खनिजं, हे सगळं नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळं दिसतं. कण इतके मोठे होतात कारण हा दगड जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर, हजारो-लाखो वर्षं सावकाश थंड होतो. काळा पाषाण लाव्हा होऊन उघड्यावर पसरला आणि लवकर थिजला, म्हणून त्याचे कण बारीक.

दुसरा फरक सिलिकाचा, म्हणजे गारगोटी ज्याची बनते त्या पदार्थाचा. बेसॉल्टमध्ये सिलिका साधारण ५० टक्के, ग्रॅनाइटमध्ये ७० टक्के किंवा त्याहून जास्त. पुढचं सगळं कोडं या वीस टक्क्यांत आहे.

अठराव्या शतकात अनेक विद्वान मानत की ग्रॅनाइट आदिम समुद्राच्या पाण्यातून साका बसून तयार झाला. १७८५ मध्ये भूशास्त्रज्ञ जेम्स हटन यांना स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्ट दरीत ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकात घुसलेल्या दिसल्या. शिरा आत घुसायच्या तर तो आधी पातळ आणि तापलेला असला पाहिजे, आणि ज्या खडकात घुसला तो त्याच्याआधीचा असला पाहिजे. एवढ्या एका निरीक्षणाने वादाची दिशा फिरली.

प्रावरण वितळलं तरी ग्रॅनाइट मिळत नाही

पृथ्वीच्या कवचाखाली सुमारे २९०० किलोमीटर जाडीचा जो घन पण उष्ण थर आहे, त्याला प्रावरण म्हणतात. तो थोडासा वितळला की बेसॉल्टचा रस मिळतो. आपला काळा पाषाण असाच आला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. प्रावरणातून सरळ ग्रॅनाइट मात्र निघत नाही, निदान डोंगर उभे राहतील इतका तरी नाहीच. त्यासाठी दोन पायऱ्या लागतात: आधी प्रावरणातून बेसॉल्ट, मग तो बेसॉल्ट पुन्हा तापून अंशतः वितळला की ग्रॅनाइटच्या कुळातला रस.

लोणी कढवताना काय होतं ते आठवा. वर तूप सुटतं, खाली बेरी बसते. लोण्यात जे होतं त्यातलं काही तुपात गेलं, काही बेरीत राहिलं. खडकाचंही तसंच. सगळा खडक एकदम वितळत नाही. सिलिका, सोडियम, पोटॅशियम यांचा मोठा वाटा आधी सुटलेल्या रसात जातो. लोह-मॅग्नेशियमची जड खनिजं खाली राहतात. रस हलका असतो, तो वर सरकतो आणि थिजतो. या क्रियेला अंशतः वितळणं म्हणतात.

पाण्याशिवाय हे घडणं फार अवघड. कोरडा खडक वितळवायला प्रचंड उष्णता लागते. खनिजांत किंवा फटींत पाणी असेल तर ग्रॅनाइटचा रस ६५० ते ७०० अंश सेल्सिअसलाही सुटायला लागतो. टटल आणि बोवेन या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाबाखाली, पाण्यासह खडकाची भुकटी वितळवून हे दाखवलं; त्यांचं काम १९५८ मध्ये प्रसिद्ध झालं. समुद्राचं पाणी खडकांत मुरतं आणि ते खडक खोल जातात, ही व्यवस्था पृथ्वीवर आहे. म्हणून ग्रॅनाइटचे विशाल खंड आपल्याला पृथ्वीवरच दिसतात. चंद्रावर बेसॉल्टची मैदानं आहेत, पण तिथे ग्रॅनाइटचे केवळ किरकोळ तुकडे सापडले आहेत.

बेसॉल्टचा रस थिजता थिजता शेवटी ग्रॅनाइट उरत नाही का?

ही शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर 'थोडासा उरतो' असं आहे. रस थंड होताना जड खनिजं आधी बाहेर पडतात, उरलेल्यात सिलिका वाढत जाते. गुजरातेत पावागडाच्या माथ्यावर ऱ्हायोलाइट आहे. ग्रॅनाइटचाच रस पृष्ठभागावर येऊन थिजला की त्याला ऱ्हायोलाइट म्हणतात. डेक्कनच्या काळ्या पाषाणाच्या अफाट पसाऱ्यात असे अपवाद मोजकेच आहेत. या मार्गाने थोडा ग्रॅनाइट मिळवायलाही त्याच्या कित्येक पट बेसॉल्ट थिजावा लागतो, आणि अख्ख्या खंडाला पुरेल एवढ्या बेसॉल्टचा उरलेला जड भाग कवचात कुठेच दिसत नाही. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर जुना मार्गच मानावा लागतो: बेसॉल्ट, किंवा कवचातला इतर कुठला खडक, पुन्हा वितळणं.

तीन ठिकाणचे तीन ग्रॅनाइट

पृथ्वीचं वरचं कठीण कवच अखंड नाही, ते सरकणाऱ्या मोठ्या तुकड्यांचं आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. कोणता ग्रॅनाइट भूपट्टांच्या कोणत्या हालचालीत तयार झाला, याला आपण त्याची जन्मस्थिती म्हणू. भारतातच याची तीन ठळक उदाहरणं आहेत.

लडाखमध्ये सिंधू नदीच्या उत्तरेला ग्रॅनाइटची लांब रांग आहे. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता, त्याचा तळ आशियाच्या काठाखाली घुसत होता. खाली जाणाऱ्या तळाने पाणी सोडलं, वरचं प्रावरण वितळून बेसॉल्टचा रस निघाला, आणि पुढे वर सांगितलेल्या पायऱ्यांनी त्यातून हा ग्रॅनाइट आला; त्याचा मोठा भाग सहा-पाच कोटी वर्षांपूर्वीचा. पुढे समुद्र संपला आणि दोन खंड एकमेकांवर आदळले. कवच दुमडून जाड झालं, खोल दबलेली गाळाच्या खडकांची थरं तापून वितळली आणि गंगोत्रीच्या परिसरातला पांढरट ग्रॅनाइट बनला. तो सुमारे दोन-सव्वादोन कोटी वर्षांपूर्वीचा. तिसरं उदाहरण राजस्थानचं. जालोर-सिवाण्याचा गुलाबी ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो खंडाच्या पोटात, कवच ताणलं जात असताना आला असं बरेच जण मानत आले.

ऑस्ट्रेलियात चॅपेल आणि व्हाइट यांनी १९७४ मध्ये मुख्य फरक मांडला: काही ग्रॅनाइट आधीच्या अग्निजन्य खडकापासून येतात, काही गाळाच्या खडकापासून. १९८४ मध्ये पिअर्स आणि सहकाऱ्यांनी रुबिडियम, इट्रियम, नायोबियम अशा अत्यल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांचे आलेख काढले. तुमच्या दगडाचं पृथक्करण करा, आलेखावर ठिपका मांडा, ठिपका ज्या रकान्यात पडेल ती त्याची जन्मस्थिती. हे इतकं सोयीचं होतं की जगभर हजारो ठिपके मांडले गेले.

ठिपका मांडला की झालं, असं का नाही?

या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. तूप हातात दिलं तर जाणती बाई सांगेल, हे गाईचं की म्हशीचं, आणि आच मंद होती की करपलं. तूप चुलीवर कढवलं की गॅसवर, हे मात्र नुसत्या तुपावरून सांगणं कठीण. ग्रॅनाइटचं रसायन तेवढंच सांगतं: काय वितळलं, किती खोल, किती उष्णतेला. ती उष्णता समुद्रतळ खाली घुसल्यामुळे मिळाली, खंड आदळल्यामुळे की कवच ताणल्यामुळे, हा पुढचा अंदाज असतो. तो बांधायला आजूबाजूचे खडक, त्यांच्या घड्या, त्यांचं वय, सगळं पाहावं लागतं.

समजा, जुन्या काळी एका समुद्रकाठी लडाखसारखे खडक बनले. पन्नास कोटी वर्षांनी तेच खडक खंडाच्या मधोमध, ताणामुळे वितळले. नवा ग्रॅनाइट आलेखावर जुन्या समुद्रकाठच्या रकान्यात जाऊन बसेल, कारण त्याने आपल्या मूळ खडकाचे गुण उचललेले असतात. ठिपका खोटं सांगत नाही, तो आधीच्या पिढीची हकीकत सांगतो.

जालोरच्याच ग्रॅनाइटचं बघा. काही अभ्यासकांनी तो सेशेल्स आणि मादागास्करमधल्या जवळपास त्याच वयाच्या खडकांशी जोडला. त्या काळी हे भूभाग एकमेकांलगत होते, आणि त्यांच्या काठाखाली समुद्रतळ घुसत होता असं त्यांचं म्हणणं. दगड तोच, पृथक्करणंही तीच, आणि जन्मस्थिती दोन.

इतकी वर्षं झाली हे कळतं कसं?

कोटी वर्षांच्या गोष्टी ऐकल्या की वाचक थबकतो, आणि थबकलंच पाहिजे. उत्तर झिरकॉन या खनिजात आहे. ग्रॅनाइटमध्ये त्याचे केसाच्या जाडीएवढे बारीक स्फटिक असतात. घडताना ते युरेनियम आत घेतात, शिशाला जवळजवळ अजिबात घेत नाहीत. युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं: युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. एकाच स्फटिकात ही दोन घड्याळं चालू असतात. दोघांनी एकच वेळ दाखवली तर वयावर विश्वास ठेवता येतो. जुळली नाहीत तर मध्ये काहीतरी बिघडलं हे लगेच कळतं.

ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे सर्वांत जुने झिरकॉन सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत, म्हणजे पृथ्वी जन्मल्यानंतर जेमतेम पंधरा कोटी वर्षांनी घडलेले.

जुना ग्रॅनाइट आजच्यासारखा का नाही?

बंगळुरूच्या लालबागेत एक मोठा खडक उघडा आहे. तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे आणि सुमारे ३०० कोटी वर्षांचा. रंग करडा, त्यावर पांढरे-काळे पट्टे. दक्षिण भारताच्या जुन्या कवचाचा मोठा भाग असाच आहे. काटेकोर बोलायचं तर हे ग्रॅनाइटचे चुलत भाऊ: यांच्यात सोडियम जास्त, पोटॅशियम कमी. गुलाबी फेल्डस्पार पोटॅशियमचा असतो, म्हणून यांच्यात गुलाबी छटा कमी. २५० कोटी वर्षांपूर्वीच्या कवचात जगभर असे सोडियमवाले खडक भरलेले आहेत, आणि नंतरच्या काळात ते विरळ होत जातात.

यांच्या रसायनात आणखी एक खूण आहे: इट्रियम फार कमी. गार्नेट हे खनिज इट्रियमला घट्ट धरून ठेवतं, म्हणजे वितळताना ते बेरीत राहिलं. बेसॉल्टमध्ये गार्नेट तयार व्हायला मोठा दाब लागतो, साधारण तीस-पस्तीस किलोमीटर खोलीचा. तेव्हा एवढं पक्कं: पाणी मुरलेला बेसॉल्ट तीस-पस्तीस किलोमीटर किंवा त्याहून खाली गेला आणि तिथे वितळला.

तो खाली गेला कसा, यावर दोन तट आहेत. पहिला म्हणतो, आजच्यासारखाच. समुद्रतळ खंडाच्या काठाखाली घुसला. पृथ्वी तेव्हा जास्त तापलेली होती, म्हणून तो तळ स्वतःच वितळला. आज तो बहुतेक ठिकाणी नुसतं पाणी सोडतो. दुसरा तट म्हणतो, तेव्हा भूपट्ट आजच्यासारखे सरकतच नव्हते. बेसॉल्टचे थरांवर थर साचून कवच जाड झालं, त्याचा पाया गार्नेटच्या खोलीपर्यंत दबला आणि तिथेच वितळला. जड झालेली बेरी खालच्या प्रावरणात बुडाली. तीनशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातली किरणोत्सर्गी उष्णता आजच्या साधारण दुप्पट होती, त्यामुळे हेही अशक्य नाही.

माझा कल असा की दोन्ही घडलं, वेगवेगळ्या काळी आणि जागी. ३०० ते २५० कोटी वर्षांच्या दरम्यान बदल झालेला दिसतो. रामनगरपासून उत्तरेकडे हंपीच्या दिशेने जाणारी क्लोजपेट ग्रॅनाइटची सुमारे ४०० किलोमीटरची अरुंद पट्टी बघा. तिचं वय सुमारे २५२ कोटी वर्षं, आणि तिच्यात गुलाबी, पोटॅशियमवाला ग्रॅनाइट भरपूर. तिच्या रसायनात प्रावरणाचा रस आणि जुनं करडं कवच, दोघांच्या खुणा मिसळलेल्या आहेत. म्हणजे तोवर वितळायला जुनं खंडीय कवच तयार होतं, आणि खालचं प्रावरणही वरच्या पदार्थाने भारलेलं होतं.

खानदेशाखाली काय आहे?

काळ्या पाषाणाचं पांघरुण सगळीकडे सारखं जाड नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली आठ मीटर गाळ आणि मग प्राचीन ग्रॅनाइटच्या कुळातला पट्टेदार खडक लागला. कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं, तिथे तो सव्वा किलोमीटरच्या आसपास भेटला.

खानदेशात निसर्गाने दुसरी सोय केली आहे. साक्री-नंदुरबार भागात फिरलेल्यांना भिंतीसारख्या सरळ, मैलोगणती लांब टेकड्या ओळखीच्या असतील. त्या डाइक: जमिनीला पडलेल्या फटींतून वर चढलेला आणि तिथेच थिजलेला बेसॉल्टचा रस. नंदुरबार-धुळे परिसरात त्यांचं दाट जाळं आहे. वर चढताना काही रसांनी वाटेतल्या खडकांचे तुकडे उचलून आणले. राजमाने आणि तळवाडे इथल्या डाइकमध्ये असे तुकडे विपुल सापडले, आणि त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पट्टेदार नाइस (उष्णता आणि दाबाने बदललेला खडक), दाबाखाली भरडलेला ग्रॅनाइट, क्वार्टझाइट (वालुकाश्म बदलून झालेला कठीण दगड), अगदी चुनखडीच्या कुळातलेही तुकडे आहेत. म्हणजे आपल्या खालचा पाया एकजिनसी नाही, आणि तो दक्षिणेकडच्या कर्नाटकातल्या जुन्या कवचाशी नातं सांगतो.

उत्तरेला सातपुडा-नर्मदेचा पट्टा. उत्तर आणि दक्षिण भारताचे प्राचीन भूखंड तिथे जोडले गेले असं मानलं जातं. खानदेश त्या सांध्याच्या दक्षिण अंगाला आहे. सांधा जुना असला तरी निर्जीव नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. अडावदजवळच्या उनपदेवचं गरम पाणीही याच फटींशी जोडलेलं: पावसाचं पाणी खोल जातं, तिथे तापतं आणि पुन्हा वर येतं. खाली ज्वालामुखी जागा आहे असा त्याचा अर्थ नाही. पृथ्वीच्या पोटात जसं खोल जावं तसं तापमान वाढतंच. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम बेसॉल्टपेक्षा जास्त असतं, आणि त्यांची मंद उष्णता त्यात भर घालते.

मग ओट्यातून किरणोत्सर्ग होतो का?

फोनवर फिरणाऱ्या संदेशांमुळे हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत विचारला जातो. मोजता येतो इतका होतो, घाबरावं इतका नाही. ओट्याच्या दोन-तीन सेंटिमीटर जाड लादीपेक्षा घराखालची माती आणि खडक यांचा वाटा सामान्यतः जास्त असतो. दगडातून सुटणारा थोडासा रेडॉन वायू निघून जायला स्वयंपाकघरात खिडकी उघडी असली की पुरे. ग्रॅनाइट काढून टाकण्याची गरज नाही.

डाइक पाहताना

साक्री, धुळे, नंदुरबारकडे शेताच्या बांधापलीकडे अशी काळी भिंत दिसली तर तिचा ताजा फुटलेला भाग जवळून बघा. काळ्या दगडात पांढरट, करडा किंवा गुलाबी, कणकण वेगळे दिसणारा तुकडा अडकलेला असेल, आणि त्याची कड काळ्या रसाने भाजल्यासारखी असेल, तर तो खालून आलेला असू शकतो. पोकळीत नंतर भरलेली पांढरी गारगोटी किंवा झिओलाइट वेगळी: तिला टोकदार स्फटिक असतात, मिश्र कण नसतात. तुकडा उचकटू नका. फोटो काढा, जागेची खूण करा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगोल किंवा भूशास्त्राच्या प्राध्यापकांना कळवा. डाइकचा दगड कठीण असतो, खडीसाठी त्याला मागणी असते. खानदेशाचा पाया हाताला लागतो अशा जागा थोड्याच आहेत, आणि त्यातली एक जरी क्रशरखाली गेली तर तिथले तुकडे पुन्हा मिळायचे नाहीत. ग्रामपंचायतींनी अशा जागा नोंदवून खाणीच्या परवान्यातून वगळाव्यात, ही माझी कळकळीची मागणी आहे.